उचकी दोन दिवसांत थांबली नाही, तर काय करावे?

उचकी लागली की घरातले कोणीतरी "कोण आठवण काढतंय?" असे विचारते, पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि पाच-दहा मिनिटांत विषय संपतो. बहुतेक वेळा तो तिथेच संपतो, आणि त्यात काही वावगेही नाही. घाईघाईने जेवलेले कोंबडी-वडे, त्यावर सोड्याची बाटली, गणपतीत रात्री अकरा वाजता बसलेली पंगत, अशा कारणांनी जठर फुगते, उचकी येते आणि पोट हलके झाले की जाते. जी उचकी रात्र उलटून सकाळ झाली तरी चालू राहते, जेवू देत नाही, बोलताना वाक्य तोडते आणि तिसऱ्या दिवशीही तशीच असते, तिच्याकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावे लागते. अशी उचकी हा स्वतंत्र आजार क्वचितच असतो. शरीरात दुसरीकडे बिघडलेल्या गोष्टीचे ते बाहेर दिसणारे लक्षण असण्याची शक्यता मोठी असते.

उचकी थांबवणे आणि उचकीचे कारण शोधणे ही दोन निरनिराळी कामे आहेत आणि पहिले जमले म्हणून दुसरे टळत नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. दवाखान्यात एक इंजेक्शन घेतले, उचकी थांबली, सगळे निर्धास्त झाले आणि आठवड्याने रुग्ण किडनी निकामी झालेल्या अवस्थेत जिल्हा रुग्णालयात पोहोचला, असे होऊ नये यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत. त्या डॉक्टरची जागा घेण्यासाठी नाहीत. डॉक्टरकडे कधी जायचे, किती घाईने जायचे आणि तिथे काय सांगायचे हे ठरवण्यासाठी आहेत.

उचकीत नेमके काय घडते

छाती आणि पोट यांच्या मधोमध घुमटासारखा ताणलेला जो स्नायू असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. तो आणि बरगड्यांमधले स्नायू आपल्या इच्छेविना अचानक आकसतात, हवा आत खेचली जाते आणि साधारण ३५ मिलिसेकंदांत स्वरयंत्राचे तोंड बंद होते. आत येणारी हवा तिथे अडली की उचकीचा आवाज होतो. या क्रियेचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातून आणि मानेतल्या मज्जारज्जूतून येतो, आणि निरोपाची ने-आण मुख्यतः दोन नसा करतात. फ्रेनिक नस मानेतून निघून छातीतून, हृदयाच्या आवरणाला लागून, श्वासपटलापर्यंत उतरते. व्हेगस नस मेंदूतून निघते आणि तिच्या शाखा कान, घसा, फुप्फुसे, हृदय, अन्ननलिका आणि जठरापर्यंत पोहोचतात.

एवढ्या लांब वाटेवर कुठेही डिवचले गेले तरी उचकी लागू शकते. म्हणून कानाच्या पडद्याला टेकलेला केस, वाढलेला गलगंड, छातीतला न्यूमोनिया, यकृतातला गळू, हृदयाच्या खालच्या भिंतीला आलेला झटका, मेंदूच्या तळाशी झालेला पक्षाघात आणि रक्तात साठलेली युरिया अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी एकाच लक्षणाने समोर येतात. पोट ठीक आहे म्हणून उचकीत काही अर्थ नाही, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

पहिली पायरी : सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवणे

हे काम क्षुल्लक वाटते आणि म्हणूनच कोणी करत नाही. "कधीपासून आहे?" या प्रश्नाला "झाले की दोन-चार दिवस" असे उत्तर मिळते, आणि नेमक्या त्या दोन आणि चारमध्ये सगळा फरक असतो. वैद्यकशास्त्रात ४८ तासांच्या आत थांबणारी उचकी साधी मानतात, ४८ तासांच्या पुढे चालणारी चिवट, आणि महिना उलटून गेलेली हट्टी, म्हणजे उपचारांना सहजी दाद न देणारी. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात तारीख आणि वेळ टिपून ठेवावी. मधे दोन-तीन तास थांबून पुन्हा सुरू झाली, तर घड्याळ पहिल्यापासूनच मोजावे, नव्याने नाही.

काही माणसांच्या बाबतीत ४८ तासांची वाट पाहण्याची मुभाच नाही. किडनीचा आजार असलेले, डायलिसिसवर असलेले, नुकतीच पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, पूर्वी पक्षाघात किंवा हृदयविकार होऊन गेलेले आणि दीर्घकाळ मधुमेह असलेले वयस्कर लोक यांना उचकी काही तास सलग राहिली, तरी त्याच दिवशी डॉक्टरला कळवावे.

दुसरी पायरी : सोबतची लक्षणे पाहणे

उचकी किती वेळ आहे यापेक्षा तिच्यासोबत काय आहे, हे अनेकदा अधिक महत्त्वाचे ठरते. पुढे सांगितलेल्यांपैकी काहीही आढळले तर घरगुती उपाय, सकाळ होण्याची वाट, मुंबईहून मुलगा येण्याची वाट, हे सारे बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उचकीबरोबर अचानक चक्कर, चालताना एका बाजूला झोक जाणे, गिळताना ठसका लागणे, आवाज घोगरा होणे, चेहऱ्याची एक बाजू बधिर वाटणे, एक पापणी खाली ओघळणे किंवा दुहेरी दिसणे यांपैकी काही असेल, तर मेंदूच्या तळाशी पक्षाघात झाल्याची शंका घ्यावी. या प्रकारच्या पक्षाघातात हातपाय लुळे पडतीलच असे नाही, तोंड वाकडे होईलच असे नाही, आणि म्हणूनच तो "पित्त झालंय, चक्कर येतेय" म्हणून घरात झाकला जातो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि कोकणातल्या अंतरांचा विचार केला तर त्यातला मोठा भाग रस्त्यातच जातो. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागातून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात जायचे असो किंवा संगमेश्वराकडून रत्नागिरीला, निघण्यातला उशीर हा एकमेव उशीर आपल्या हातातला आहे.

उचकीबरोबर छातीत दडपण, घाम, धाप, डावा हात किंवा जबडा दुखणे, किंवा नुसतीच वरच्या पोटात न जाणारी अस्वस्थता असेल, तर ईसीजी काढून घ्यावा. हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर टेकलेला असल्यामुळे तिथला झटका पोटाच्या तक्रारीसारखा आणि क्वचित उचकीसारखा प्रकट होतो. मधुमेहींमध्ये छातीतली कळ जाणवतच नाही, असेही घडते. ईसीजी ही स्वस्त आणि दहा मिनिटांत होणारी तपासणी आहे. ती काढून काही निघाले नाही तर नुकसान काहीच नाही.

ताप, थंडी, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि उजवा खांदा ठणकणे हे यकृतातल्या गळवाचे किंवा श्वासपटलाखाली साठलेल्या पुवाचे लक्षण असू शकते. दुखणे पोटात आणि ठणका खांद्यात, याचे कारण श्वासपटलाची नस मानेतून येते आणि खांद्याच्या त्वचेची संवेदनाही मानेच्या त्याच पातळीवर पोहोचते. माडी आणि दारू नियमित घेणाऱ्या पुरुषांमध्ये अमीबामुळे होणारे यकृताचे गळू भारतात वारंवार आढळते, म्हणून हे नाते ध्यानात ठेवावे. खोकला आणि श्वास घेताना बरगडीत टोचणे हे छातीच्या संसर्गाकडे बोट दाखवते. पोट फुगून दगडासारखे घट्ट होणे, उलट्या थांबत नसणे, वारा आणि शौच बंद होणे, काळी शी किंवा रक्ताची उलटी, ग्लानी, बरळणे, झटके आणि लघवी बंद होणे हेही थेट रुग्णालयात जाण्याचे इशारे आहेत.

अन्न गिळताना अडकणे, आधी भाकरी आणि मग पेजही उतरेनाशी होणे आणि अंगावरचे कपडे सैल होत जाणे याला रुग्णवाहिका लागत नाही, पण आठवडाभरात दुर्बिणीची तपासणी लागते. अन्ननलिकेच्या कर्करोगात उचकी हे एक लक्षण असते. तंबाखू, मशेरी किंवा दारू यांची सवय असेल तर तेवढाही उशीर नको.

तिसरी पायरी : घरगुती उपाय, आणि ते कोणी करू नयेत

धोक्याची लक्षणे नाहीत आणि उचकी नुकतीच सुरू झाली आहे, तर पुढचे उपाय करून पाहायला हरकत नाही. दीर्घ श्वास घेऊन झेपेल तितका वेळ रोखून धरावा आणि हळू सोडावा. थंड पाणी न थांबता छोट्या घोटांनी गिळावे. चमचाभर कोरडी साखर जिभेवर ठेवून पाण्याविना गिळावी. लिंबाची फोड चोखावी, थंड पाण्याने गुळणी करावी, किंवा पाठीला टेकून बसून गुडघे छातीशी घट्ट ओढून मिनिटभर धरावेत. श्वास रोखल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून श्वासपटलाची उबळ शमते. गिळणे, गुळणी आणि आंबट चव यांनी घशातल्या व्हेगस नसेला दुसरे काम मिळून उचकीचे चक्र तुटते. प्रत्येक उपाय एकदा-दोनदा करून पाहावा आणि सोडून द्यावा. दिवसभर तेच करत बसल्याने माणूस थकतो आणि महत्त्वाचे तास निघून जातात.

आता सावधगिरी, कारण घरात सगळ्यांत निरुपद्रवी समजला जाणारा उपायच काही वेळा घातक ठरतो. "पाणी पी, अजून पी" हा सल्ला डायलिसिसवरच्या माणसाला देता येत नाही. त्याच्या पाण्याचे दिवसाचे माप ठरलेले असते आणि ते ओलांडले की पाणी फुप्फुसांत साठते. रक्तातले सोडियम घसरल्यामुळे उचकी लागली असेल, तर तांब्यामागून तांब्या पाणी प्यायल्याने ते आणखी घसरते. ज्याला गिळताना ठसका लागतो, त्याच्या तोंडात पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत उतरते. मधुमेह्याला साखरेचे चमचे द्यायचे नाहीत, हे वेगळे सांगायला नको. मागून ओरडून दचकवणे हा खेळ हृदयरोग्याशी खेळू नये. डोळ्यांच्या बुबुळांवर दाब देणे किंवा मानेची नाडी चोळणे असे उपाय ऐकीव माहितीवरून कोणी करू लागले तर त्याला थांबवावे, कारण त्याने नाडी एकदम मंदावते आणि म्हाताऱ्या माणसाच्या मानेतली चरबीची गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते.

तान्ह्या बाळाची उचकी हा निराळा विषय आहे आणि तो लवकर संपतो. लहान बाळांना उचकी वारंवार लागते, पोटात असतानाही लागते, आणि बाळ अंगावर नीट पीत असेल, रडत-हसत असेल, तर तिचे काही करायचे नसते. खांद्यावर घेऊन ढेकर काढावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी पाजू नये आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये, मग घरातल्या आजींनी कितीही आग्रह केला तरी.

चौथी पायरी : किडनीची शंका आधी घेणे

कोकणात राहणाऱ्यांसाठी या पायरीवर अधिक थांबण्याची गरज आहे. किडनी काम करेनाशी झाली की रक्तात युरिया आणि इतर टाकाऊ द्रव्ये साठतात, क्षारांचे प्रमाण बिघडते, आणि मळमळ, अन्नावरची वासना जाणे, अंगाला खाज आणि न थांबणारी उचकी ही चौकडी दिसू लागते. मधुमेह आणि रक्तदाब वर्षानुवर्षे असलेल्या माणसाची किडनी गाजावाजा न करता खराब होत असते. पुष्कळदा उचकी हीच घरच्यांच्या नजरेला पडलेली पहिली गोष्ट असते.

पावसाळ्यात याला दुसरे कारण जोडले जाते. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टो होतो. उंदराच्या किंवा गुराच्या मुतातले जंतू पायाच्या भेगांतून आणि जखमांतून शरीरात शिरतात, आणि साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप, पोटऱ्यांमध्ये असह्य वेदना, लालबुंद डोळे असा त्रास सुरू होतो. हा आजार किडनीवर आणि यकृतावर उतरला की लघवी कमी होते, डोळे पिवळे होतात. लावणीच्या हंगामात ताप येऊन गेलेल्या माणसाला उचकी लागली आणि त्याची लघवी कमी झाली असेल, तर ते पोटाचे दुखणे समजून चालणार नाही. त्याच दिवशी रक्ततपासणी हवी. आरोग्य केंद्रातून प्रतिबंधासाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिनची गोळी शेतावर निघण्याच्या घाईत घोटभर चहाबरोबर गिळण्याची पद्धत आहे, तीही सोडावी. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो, छातीत जळजळते आणि उचकीही लागू शकते. पेलाभर पाण्याबरोबर ती घ्यावी आणि पुढचा अर्धा तास आडवे होऊ नये.

तिसरी गोष्ट परसातल्या झाडाची. पिवळसर हिरवे, पाच उभ्या धारांचे, आडवे कापले की चांदणीच्या आकाराच्या चकत्या पडणारे आंबटगोड फळ, ज्याला कोणी कमरख, कोणी करंबळ म्हणतात, ते किडनीच्या रुग्णासाठी विष आहे. या फळात ऑक्झलेट भरपूर असते आणि कॅरंबॉक्सिन नावाचे एक द्रव्य असते. निरोगी किडनी ते लघवीवाटे टाकून देते. निकामी किडनीला ते जमत नाही आणि ते मेंदूवर परिणाम करते. या विषबाधेचे सर्वांत नेहमीचे पहिले लक्षण उचकी हेच आहे. त्यामागून उलट्या, गोंधळ, हातापायांत अशक्तपणा, झटके येतात, आणि डायलिसिस वेळेत झाले नाही तर रुग्ण दगावतो. एखादे फळही पुरेसे ठरू शकते. तेव्हा किडनीच्या रुग्णाला उचकी लागली, तर पहिला प्रश्न "काल-आज करंबळ किंवा त्याचे लोणचे-सरबत खाल्ले-प्यायले का?" हा असावा, आणि उत्तर होकारार्थी असेल तर डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयातच जावे व फळाचे नाव तिथे सांगावे. शक्य असल्यास फळ सोबत न्यावे, कारण नावे गावागणिक बदलतात. माशाच्या सारात घातले जाणारे बिंबले याच कुळातले आहे. आमटीतल्या दोन-चार फोडींची भीती धडधाकट माणसाने बाळगण्याचे कारण नाही, पण कोलेस्टेरॉल उतरवायला म्हणून त्याचा रस पेला-पेला पिण्याने केरळात लोकांच्या किडन्या अचानक बंद पडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. शहाळ्याचे पाणीही किडनीच्या रुग्णाला उचकीवर उतारा म्हणून देऊ नये; त्यात पोटॅशियम जास्त असते.

पाचवी पायरी : औषधांचा डबा उघडणे

गेल्या पंधरा दिवसांत कोणते औषध नव्याने सुरू झाले किंवा कोणत्या औषधाचे प्रमाण वाढले, हे पाहावे. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, मग ते गोळीतून घेतलेले असो की इंजेक्शनमधून, उचकीचे ठाऊक असलेले कारण आहे. कंबरदुखीवर किंवा दम्यावर "ताकदीचे इंजेक्शन" घेतल्यावर उचकी लागली असेल तर ते इंजेक्शन कोणते होते, हे देणाऱ्याला विचारून घ्यावे. झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्या, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके आणि केमोथेरपीतली सिसप्लॅटिनसारखी औषधे यांनीही उचकी लागते. रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचे सोडियम उतरते, विशेषतः मे महिन्यातल्या घामाच्या दिवसांत किंवा जुलाब-उलट्यांनंतर, आणि त्याची पहिली खूण उचकी आणि सुस्ती अशी असू शकते. हे वाचून कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. बरेच दिवस चालू असलेले स्टिरॉइड एकाएकी थांबवणे तर जिवावर बेतू शकते. सगळी पाकिटे, मोकळी झालेली सुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरसमोर ठेवावीत.

सहावी पायरी : एक पान भरणे

वहीचे एकच पान पुरते. मोजणी सोपी आहे: घड्याळ समोर ठेवून एका मिनिटात किती उचक्या येतात ते मोजावे आणि सकाळ, दुपार, रात्र अशा तीन नोंदी कराव्यात. खाल्ल्यावर वाढते का, आडवे झाल्यावर वाढते का, आंबट पाणी तोंडात येते का, दिवसभरात लघवी किती वेळा झाली, झोपेत थांबते का, हे लिहावे. झोपेत उचकी पूर्ण थांबत असेल तर मानसिक ताणाची शक्यता डॉक्टर विचारात घेतात. मात्र एवढ्यावरून "मनाचे आहे" असा शिक्का घरच्यांनी मारू नये, कारण शारीरिक कारणांची उचकीही झोपेत मंदावते.

असे पान हातात असले की डॉक्टरसमोर सांगणे नेमके होते: "डॉक्टर, बाबांना मंगळवारी रात्री नऊ वाजता, जेवण झाल्यावर उचकी लागली. मिनिटाला पंधरा-वीस येतात. झोपेतही असते. साखर आणि बीपीच्या गोळ्या बारा वर्षे चालू आहेत, त्या या पिशवीत आहेत. कालपासून लघवी दोनदाच झाली आणि जेवण जात नाही." एवढ्या पाच वाक्यांत डॉक्टरचे अर्धे काम होते. "डॉक्टर, उचकी काही केल्या थांबत नाही हो" या वाक्याने मात्र उचकी थांबवण्याचे औषध तेवढे मिळते.

सातवी पायरी : कुठे आणि केव्हा जायचे

धोक्याची लक्षणे नसतील तर सुरुवात नेहमीच्या डॉक्टरकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून करावी. रक्तदाब, नाडी, ताप, ऑक्सिजन, साखर आणि पोट-छातीची तपासणी तिथे होते. पुढच्या चाचण्यांसाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि त्यापुढे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस इथले जिल्हा रुग्णालय असा क्रम ठेवला, तर पैसा आणि फेऱ्या दोन्ही वाचतात. थेट कोल्हापूर-मुंबईची गाडी धरण्याची घाई बहुतेकांना लागत नाही.

पावसाळ्यात एक व्यवहारी नियम पाळावा: जायचे की नाही हा निर्णय दुपारी बारापर्यंत करावा. रात्री घाटात दरड कोसळते, ओढ्यावरचे साकव पाण्याखाली जातात, खाडीपलीकडच्या वाडीतून होडी सुटत नाही. दिवसा तासाचा असलेला प्रवास रात्री चार तासांचा होतो. देवाला नारळ ठेवायचा असेल किंवा गाऱ्हाणे घालायचे असेल तर ते जरूर करावे, पण गाडी दारात येईपर्यंतच्या वेळात. आयुर्वेदावर भिस्त असलेल्यांनीही एवढे लक्षात घ्यावे, की त्या शास्त्राने हिक्का हा स्वतंत्र रोग मानून त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांपैकी महती आणि गंभीरा हे प्रकार प्राणघातक मानले आहेत. चांगला वैद्य तिसऱ्या दिवशीच्या उचकीला मोरपिसाची राख आणि मध एवढेच देऊन घरी पाठवत नाही.

आठवी पायरी : तपासण्या आणि औषधे समजून घेणे

पहिल्या फेरीत रक्ताच्या पेशींची मोजणी, साखर, युरिया, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि यकृताच्या चाचण्या, सोबत ईसीजी आणि छातीचा एक्स-रे असतो. अहवालात सोडियम १३५ ते १४५ च्या दरम्यान असावे आणि क्रिएटिनिन साधारण १.२ च्या आत. त्याबाहेरचा आकडा दिसला तर त्याबद्दल आवर्जून विचारावे. यात काही न सापडल्यास पोटाची सोनोग्राफी आणि दुर्बिणीने अन्ननलिका-जठर पाहणे ही पुढची पायरी असते. मेंदूकडे बोट दाखवणारी लक्षणे असतील तर एमआरआय करतात. मेंदूच्या तळाचा छोटा पक्षाघात साध्या सीटी स्कॅनमध्ये निसटू शकतो, म्हणून "सीटी नॉर्मल आहे" एवढ्यावर चक्कर आणि ठसका विसरून जाऊ नये. डॉक्टरने कानात बॅटरी घालून पाहिले तर आश्चर्य वाटू देऊ नये. व्हेगस नसेची एक शाखा तिथे असते.

चिवट उचकीचे पुष्कळदा सापडणारे कारण म्हणजे जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर चढणे. म्हणून इतर काही आढळले नाही तर पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल काही आठवडे देऊन पाहतात. त्याबरोबर रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास उरकावे, ताटात एकदम भरपूर वाढून न घेता थोडे-थोडे चार वेळा खावे, सोडा, दारू, तंबाखू आणि तिखटजाळ रस्सा बंद ठेवावा, आणि खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करावी. नुसत्या उशा रचल्याने पोट दुमडते आणि आम्ल उलट वर येते. त्रास चालू असेपर्यंत मऊभात, पेज, उकडलेली भाजी असे खाणे कोमट असताना, सावकाश घ्यावे.

खुद्द उचकी दाबणारी औषधे वेगळी असतात. बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, मेटोक्लोप्रमाइड आणि जुने क्लोरप्रोमाझिन ही नेहमी वापरली जाणारी नावे. ती उपयोगी आहेत, कारण आठवडाभराच्या उचकीने झोप आणि अन्न दोन्ही तुटते, वजन उतरते, शस्त्रक्रियेचे टाके ताणले जातात. पण ती दुकानातून परस्पर आणण्याची औषधे नव्हेत. क्लोरप्रोमाझिनने वयस्कर माणसाचा रक्तदाब एकदम उतरतो आणि तो रात्री न्हाणीघराकडे जाताना पडतो. बॅक्लोफेन किडनीवाटे बाहेर पडते, त्यामुळे किडनी कमजोर असलेल्याच्या शरीरात ते साठून ग्लानी येते, क्वचित बेशुद्धीही. क्रिएटिनिनचा आकडा हाती नसताना मधुमेही वृद्धाला ते सुरू होत असेल, तर "आधी किडनीची तपासणी करू का?" असे नम्रपणे विचारण्याचा हक्क नातेवाइकांना आहे.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑस्बोर्न यांची उचकी १९२२ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये थांबली. ६८ वर्षे उचकी देऊनही माणूस जगला, हा दाखला "उचकीने काही होत नाही" हे पटवण्यासाठी दिला जातो. हा युक्तिवाद मला मान्य नाही. धोका उचकीत नसून तिच्या कारणात असतो, आणि त्यांच्या उचकीमागचे कारण आपल्या घरातल्या माणसाच्या उचकीमागे असेलच, हे कोणीही सांगू शकत नाही.

उचकी थांबल्यावर तपासण्या अर्धवट राहिल्या असतील तर त्या पूर्ण कराव्यात. बॅक्लोफेन काही आठवडे चालू असेल तर बरे वाटले म्हणून एका दिवसात बंद करू नये, झटके येण्याचा धोका असतो. डॉक्टर सांगतील त्या क्रमाने मात्रा उतरवावी. वहीतले ते पान अहवालांबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवावे आणि उचकी पुन्हा लागली, तर नवी तारीख त्याच पानावर खाली लिहून तेच पान घेऊन त्याच डॉक्टरकडे जावे.